दुपारची पिशवी

सकाळी ठमीचे मोजे काढताना आईचा हात थांबला. दहा महिन्यांच्या त्या इवल्या घोट्यावर मोज्याची खूण खोल रुतली होती आणि पापण्याही सुजल्या होत्या; अंगात पाणी साचत होतं. ठमीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होती. पोटातल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही वेळ ठेवायचं, मग काढून मोजायचं, असं डायलिसिस घरीच चाले. नवराबायको पंधरा दिवस इस्पितळात बाहुलीवर ते शिकले होते. दुपारची पिशवी नवऱ्याकडे, कारण ती तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात असे.

तिथे ती तपासनीस होती. सुटलेला एक टाकाही तिच्या नजरेतून निसटत नसे. आता तीच नजर घरभर फिरू लागली, आणि फिरून फिरून सासूबाईंवर येऊन थांबली. "मुलीच्या जातीसाठी एवढा खटाटोप?" असं त्यांनी इस्पितळातल्या सिस्टरांच्या तोंडावर विचारलं होतं. ठमीला मोजूनमापून द्यायचं पाणी त्या चोरून जास्त पाजत असतील का? चार दिवस तिने बाटल्यांवर खुणा केल्या, मधल्या सुट्टीत अचानक घरी येऊन पाहिलं, दाराआड उभी राहून ऐकलं. काहीच हाती लागेना. सासूबाईंची जीभ कडू, पण हात स्वच्छ. तिला स्वतःचीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी तिने नोंदींचा तक्ता पुढ्यात ओढला. निघालेल्या पाण्याचे तिचे आकडे रोज वरखाली होते. दुपारचे मात्र गेले आठ दिवस रोज दोनशे सत्तर मिलिलिटर. तिने पलंगाखालचं खोकं उघडलं. आठ पिशव्या जास्त होत्या.

"अहो, दुपारी ठमीचं पाणी काढता ना तुम्ही?"

"लिहिलंय की."

"लिहिलेलं वाचलं मी. पिशव्या खोक्यात तशाच आहेत."

नवऱ्याने मान खाली घातली. "अगं, किती दिवस हे करायचं? आई म्हणते, पुढे मुलगा होईल... ही आपणहून गेली असती, तर कुणाला बोल लागला नसता."

स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. "अरे, पिशवी चुकव असं कधी म्हटलं मी?"

"तसं नाही म्हणालात, आई," ती म्हणाली. "नको असलेली पोर आहे, एवढंच रोज म्हणत होतात. यांनी ते मनावर घेतलं."

ठमीच्या आईने हात धुतले, खिडकी लावली, तोंडाला मास्क बांधला आणि चुकलेली पिशवी लावली. पाणी आत जाईस्तोवर तिने तक्त्यावरचे आठ आकडे खोडून प्रत्येकापुढे लिहिलं, 'केलं नाही'.

"हे सिस्टरांना दाखवू नकोस," नवरा अजिजीने म्हणाला. "घराची अब्रू जाईल."

"जाऊ दे. मला पोर हवी आहे."

पाणी निघाल्यावर तिने ठमीला उचललं आणि इस्पितळाची वाट धरली.