सगळा भार एका तारेवर

लेबू मियाने आधी कोयत्याची मूठ जिल्लुरच्या तोंडावर हाणली आणि मग बोलायला सुरुवात केली. ही त्याची जुनी खोड. समोरच्याचे दात हलले की आपलं म्हणणं लवकर पटतं, असा त्याचा अनुभव होता, आणि मीरपूरच्या त्या गल्लीत तो खोटा ठरवायची कुणाची टाप नव्हती.

शुक्रवारची दुपार होती. जुम्म्याची नमाज आटोपून सगळी गल्ली भातावर डाळ ओतून मॅच बघायला बसली होती. गल्लीला इंटरनेट पुरवणाऱ्या आपल्या दीड खोलीच्या ऑफिसात मोकलेस कीबोर्डापुढे बसलेला, आणि शेजारच्या टेबलावर लेबूच्या दोन माणसांनी जिल्लुरचा उजवा हात दाबून धरलेला. जिल्लुर ऑफिसचा लाइनमन, आणि मोकलेसचा सख्खा मेहुणा; बहिणीचा नवरा म्हणून त्याला दुलाभाई म्हणायचा. त्याला कामावर घेतलं तेव्हा शिरीनने नवऱ्याला बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. खांबावर चढवा नाहीतर छपरावर, पण नेताय तसा परत आणा."

"कालव्याकडची तुमची तार मी चार वेळा तोडली," लेबू म्हणाला. "गल्लीत एक माणूस बोंबलला नाही. ही काय जादू आहे, मोकलेस?"

"जादू नाही, लेबूभाई. बाहेर जायला वाटा तीन आहेत. एक तुमची, एक कालव्याकडची, एक मशिदीमागच्या छपरांवरून. राउटर घरं वाटून देतो. एक वाट तुटली की तिच्यावरची घरं उरलेल्या दोघींवर टाकतो."

"म्हणजे माझ्या तारेवर किती? मला घरामागे पैसे मिळतात."

"दहातली दोन. बाकीच्या दोघींवर चार-चार."

जिल्लुरने तोंडातलं रक्त थुंकलं. "दुलाभाई, कशाला सांगताय? याला दहापर्यंत मोजता तरी येतं का?"

मूठ पुन्हा बसली. या खेपेला एक दात खरंच पडला.

"माझ्यावर दोनच का?" लेबूने विचारलं.

"तुमची तार बारीक आहे. तेवढंच झेपतं तिला."

या धंद्यातल्या माणसांना हा रोगच असतो. विचारलं की खरं सांगून मोकळे होतात, विचारणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघत नाहीत. लेबूचा चेहरा काळाठिक्कर पडला. कोयता उतरला आणि जिल्लुरच्या करंगळीचं पेर टेबलावरून खाली पडलं. जिल्लुर गुरासारखा हंबरला.

"मोजता येतं मला," लेबू म्हणाला. "अजून नऊ आहेत. सगळी घरं माझ्या तारेवर टाक. दहाच्या दहा."

मोकलेसचं डोकं लख्ख चालत होतं. प्रत्येक घराला चिमूटभर वेग बांधून दिला असता, तर त्या बारीक तारेवरही गल्ली रडतखडत चालली असती. लेबू खूश होऊन गेला असता. नऊ बोटं वाचली असती. हे त्याला पक्कं कळत होतं. पण जमिनीवरचं ते पेर त्याला दिसत होतं आणि लेबूला गल्लीच्या हातून तुडवून घ्यायची त्याला भयंकर हौस आली. त्याने वेग न बांधता बाकीच्या दोन्ही वाटा बंद केल्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

दोन मिनिटांत तार गुदमरली. चारशे घरांत फलंदाज बॅट उचललेलाच थिजला. आधी शिव्या ऐकू आल्या, मग जिन्यांवर पावलं.

"हे काय?" लेबू दाराकडे गेला. माणसांनी हात सोडला.

"पळ, जिल्लुर," मोकलेस ओरडला. "दवाखान्यात जा."

जिल्लुर पळाला. कमरेला तार कापायची पक्कड, हाताला रक्त, आणि धूम पळतोय. गल्ली महिनाभर ऐकत होती की कुणीतरी तारा तोडतंय. एवढं दिसल्यावर आणखी काय विचारायचं?

"तोच! तार कापून पळतोय!"

पहिली बॅट गुडघ्यावर बसली. मग बांबू, विटा, लाथा. लेबूने कोयता शर्टाखाली घातला, गर्दीत शिरून दोन लाथा घातल्या आणि सभ्य माणसासारखा निघून गेला.

मोकलेस मध्ये पडला तर त्याचीही कपाळाची कड फुटली. त्याचं कुणी ऐकेना. मग तो सरपटत ऑफिसात परत आला आणि रक्ताने डोळा मिटलेल्या अवस्थेत दोन्ही वाटा उघडल्या. लोकांच्या हातातले फोन बोलू लागले.

"आली रे. आठ गेले." बॅट खाली आली. दहा मिनिटांत गल्ली रिकामी झाली. मधोमध जिल्लुर पडला होता. मोकलेसने छातीला कान लावला, मग नाकापाशी हात धरला, मग पुन्हा कान लावला. आत काहीच नव्हतं.

खिशातला फोन वाजला. पडद्यावर शिरीन, मागे चूल, हातात झारा. चित्र कुठेही अडकत नव्हतं. मोकलेसने आपल्याकडचा कॅमेरा अंगठ्याने झाकला.

"मघाशी तुमचं नेट गेलं होतं," ती म्हणाली. "आता अगदी स्वच्छ ऐकू येतंय. जिल्लुरला फोन द्या, इलिश माशाचा एक तुकडा ठेवू की दोन?"