खिळ्यावरची जाळी

मित्रांनो, एक पत्र आठ महिने उत्तराविना पडून होतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, स्टोअरकीपरांच्या जाड शब्दकोशात. त्याच्या बरोबर वर खिळ्याला टांगलेली मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. यंत्राचा फिरता पट्टा आणि कामगार यांच्या मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम.

वीस वर्षं माझ्यामुळे कुणाला ओरखडाही आला नाही. पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. पण घाईचं काम आलं की माझी अडचण होई आणि मला काढून स्टोअरमध्ये पाठवत. स्टोअरकीपर पुस्तकी माणूस. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. कामगार हसत, "ह्यांच्याकडे शिंकायलाही चिठ्ठी लागते!"

अपघाताच्या दिवशी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सकाळी साडेनऊ. मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून काढली.' दुपारी एका कामगाराचा सदरा पट्ट्यात अडकला. मला खिळ्यावरून नुसता आरडाओरडा ऐकू आला. मी जागेवर असते तर तो वाचला असता, असं वाटतं. खात्रीने कसं सांगू?

मग त्याच्या बायकोचं पत्र आलं. 'भाऊ, कंपनी म्हणते, जाळी ह्यांनीच काढली. कोर्टाने ते मानलं तर भरपाई बुडेल. खरं काय ते दोन ओळींत कळवा.'

स्टोअरकीपर लिहायला बसले. सवयीने आधी 'सौ.' लिहिलं गेलं. कागद फाडला. पुढे शब्द अडले, मग धीर सुटला. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. चिठ्ठी माझ्या अंगावरच होती. पण मला तोंड कुठे आहे?

परवा ती नवऱ्याचा डबा आणि चपला न्यायला आली.

"बसा ना, वहिनी. पाणी घेता?"

"नको, भाऊ. सोमवारी कोर्टात शेवटची तारीख आहे." तिने डबा पिशवीत घातला. "विचारल्याशिवाय घरातला बल्बसुद्धा बदलायचे नाहीत हो. आम्ही चिडवायचो. ते जाळी काढतील? भरपाईने माणूस परत येत नाही, कळतं मला. पण पोरीची शाळा तरी सुटणार नाही."

ती पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाही, तशीच गेली.

मित्रांनो, यंत्राची जाळी घाईपायी काढू नका. आणि कुणी खरं विचारलं, तर उत्तराला इतका उशीर करू नका.

काल स्टोअरकीपरांनी दोन ओळी लिहिल्या, माझी चिठ्ठी सोडली आणि दोन्ही एका पाकिटात घातली. खिडकीतून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. सोमवारपर्यंत पोहोचेल का, कोण जाणे. त्यांनी पाकीट पेटीत टाकलं. मग बोटं आत घालून, ते नीट खाली पडलं का, हे कितीतरी वेळ चाचपत राहिले.