दुर्पताचं वाक्य

नववीत आल्यापासून वर्गात सगळ्यात आधी माझाच हात वर! आधी तोंडातून शब्द फुटायचा नाही, आता सरच म्हणतात, "रुची, दुसऱ्यांनाही बोलू दे." त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला सरांनी 'ब्लॉक ऑफ' विचारलं. मी फाडफाड सांगितलं. ब्लॉक म्हणजे अडवणं, पण मागे ऑफ लागलं की जागा पार बंदच. रस्ता, दार, बोगदा, कशालाही चालतं.

"शाबास. आता वाक्य. दुर्पता, तू."

दुर्पता जंगलाकडच्या टोल्यावरची, तिथल्या लहानशा वस्तीतली. बऱ्याच दिवसांनी आली होती, घामाघूम. हळूच म्हणाली, "दे हॅव ब्लॉक्ड ऑफ अवर रोड."

"व्हेरी गुड!" सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यांनी वाजवल्या. वाक्य खरं आहे का, कोणीच विचारलं नाही.

मला माहीत होतं. टोल्याची वाट आमच्या उन्हाळी धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून येते, आणि तिथे माझ्याच बाबांनी झटका मशीनची, विजेचा झटका देणारी तार ओढली होती.

सुट्टीत ती म्हणाली, "जंगलातून फिरून आलो आज. माय म्हणते, अस्वल फिरून राहिलं, उद्यापासून नोको जाऊ."

"मी बोलते ना बाबांशी! माझं ऐकतात ते."

घरी गेल्या गेल्या विचारलं, "बाबा, काऊन बंद केली वाट?"

"रानडुकरं धान खाऊन राहिले, दिसत नाही का तुले?"

"मग फाटक ठेवा एक. दुर्पताची शाळा सुटते."

"फाटक कोनी ना कोनी उघडंच ठेवते. मागच्या साली अर्धी बांधी एका रातीत गेली."

"मग तिनं कसं यायचं?"

"तिच्या बापाले विचार. मले कायले विचारते?"

मी रडले, भांडले, जेवले नाही. आई म्हणाली, "लय बोलाले शिकली." झालं, संपलं.

सकाळी तारेपाशी गेले. पलीकडे दुर्पता, दप्तर पाठीवर, वेणीला रिबीनसुद्धा.

"काय म्हनलं बाबानं?"

एवढी बोलणारी मी, नुसती नकाराची मान हलवली. ती समजली. म्हणाली, "जाऊ दे. माय मोहफुलं वेचाले गेली, मी बी जातो तिकडंच."

"पेपर तरी दे, दुर्पता. पेपरले ये."

"कुठून येऊ?"

रागानं नाही विचारलं तिनं. मला खरंच माहीत असेल, अशी बघत उभी राहिली. शाळेची घंटा झाली, तरी आम्ही तारेच्या दोन बाजूंना उभ्याच.