केबिनबाहेरची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय आणि एक गोल फळी, एवढाच माझा संसार. एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि बजावलं, "बसणाऱ्याचं वजन पेल, बडबड करू नकोस." वजन मी आजवर पेललं. बडबडीचं तेवढं आज माफ करा.

मी आत्यांच्या घरी आले. त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांच्या भाचीने त्यांच्यासाठी चाकांचा वॉकर बनवला. धरून चालायचं आणि दमलं की त्याच्याच सीटवर बसायचं. शेजारपाजारच्यांनीही तसाच मागितला आणि आत्यांच्या गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली. भाची, जिला सगळे ताई म्हणू लागले, ब्रेक बसवणारा ब्रेकदादा आणि सीट शिवणाऱ्या मावशी, एवढीच माणसं. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर सामान असायचं. कुणाचं काही अडलं की ते माणूस माझ्यावर येऊन बसे आणि बाकीचे हातातलं काम टाकून ऐकत. भांडणंही व्हायची, पण त्यात चहा गार व्हायचा, माया नाही.

मग कंपनी वाढली. मोठी जागा आली, ताईंना काचेची केबिन आली. ताई कुठल्याशा भाषणाला गेल्या आणि येताना एक वाक्य घेऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी ते केबिनच्या दारावर झळकलं: 'अडचण आणू नका, उपाय आणा.' मला दाराबाहेर ठेवून माझ्या डोक्यावर पाण्याचा जार चढवला. खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. पण जारचा नळ गळका होता, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

तिथून मला रोज गंमत दिसे. माणसं तरातरा दारापर्यंत येत, पाटी वाचत, घुटमळत आणि पेलाभर पाणी पिऊन माघारी जात. जार भराभर संपू लागले. आत ताई मात्र खुशीत होत्या. "बघा, कुणाची एक तक्रार नाही!"

एका मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई नवा वॉकर बघायला येणार होत्या. उतारावर तो चालवून दाखवायला आत्या हौसेने तयार झाल्या. आदल्या दिवशी त्या सरावाला आल्या, तर ब्रेकदादा माझ्याजवळ उभा राहून पेल्यावर पेला रिचवत होता.

"काय रे, खारट खाल्लंस की काय?"

"नाही हो आत्या. वॉकर भिजला की ब्रेक सुटतो. पाणी कुठून शिरतं तेच कळत नाही. उपायच नाही, तर आत जाऊन सांगू काय?"

"अरे देवा! आणि उद्या त्याच्यावर मी!" आत्यांनी दार धडाधडा वाजवलं. "छोटे, आधी बाहेर ये!"

सगळं ऐकून ताई भडकल्या. "अरे, मग बोलला का नाहीस?"

दादाने नुसतं पाटीकडे बोट केलं. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी जार उचलून बाजूला ठेवला, दादाला माझ्यावर बसवलं आणि स्वतः फरशीवर मांडी घातली. "चुकलंच माझं. आता पहिल्यापासून सांग."

हळूहळू सगळे जमले. मावशी म्हणाल्या, "सीटच्या शिवणीतून पाणी आत झिरपतं, हे मला ठाऊक होतं. पण ते जातं कुठे, कुणास ठाऊक. मीही सांगायला आले होते. पाणी पिऊन गेले." सगळे खो खो हसले. ते पाणी जात होतं ते थेट ब्रेकवर. दोन अडचणी शेजारी बसल्या आणि उपाय सापडला.

ताईंनी मेट्रनबाईंना फोन करून खरं ते सांगितलं आणि शिवण पक्की करायला मुदत मागून घेतली. बाई जरा कुरकुरल्या, पण नव्याने ठरलेल्या दिवशी आल्या. ओल्या उतारावर मध्येच ब्रेक दाबून आत्या सीटवर ऐसपैस बसल्या. वॉकर तसूभर हलला नाही. "आता ऑर्डर द्या, मगच उठते," त्या म्हणाल्या. मेट्रनबाईंना द्यावीच लागली!

पाटी निघाली आणि मी केबिनच्या आत आले. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे तरी साहेब व्हाल. अडलेल्या माणसाला आधी बसायला द्या. उत्तर मग मिळून शोधता येतं. आणि माझ्यासारख्या जुन्यांकडेही लक्ष असू द्या. माझा एक पाय अलीकडे सैल झालाय. काय करावं ते मला सुचत नाही, पण सांगून ठेवते.