नानांकडचं एकच तोंड

मृणालीने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि कॅनव्हासवरचं नाक पुसून टाकलं.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मंदाबाई अर्ध्या उठल्या आणि कॅनव्हासच्या कडेने डोकावल्या.

"वं माय! मनं नाक कोठे गयं?"

"चुकलं होतं, मावशी. परत काढते. तुम्ही बसा ना."

"अर्धा तास व्हयना, पोरी. आन माले नाकच नही."

शेजारच्या इझलवरचा मुलगा खुदकन हसला. त्याच्या समोर त्याचा मोठा भाऊ बसला होता. भांग पाडलेला, ओठ घट्ट मिटलेले, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा. धुळ्यातल्या त्या शाळेच्या सभागृहात तेरा इझल होते आणि तेरा माणसं तेरा खुर्च्यांत श्वास धरून बसली होती. चूक. बारा माणसं श्वास धरून बसली होती. तेराव्या मंदाबाई होत्या.

स्पर्धेच्या पत्रकात दोनच ओळी ठळक छापल्या होत्या. दोन तासांत तैलरंगातलं व्यक्तिचित्र. समोरच्या माणसावरून, फोटो चालणार नाही, माणूस ज्याचा त्याने आणायचा.

माणूस आणणं हेच अवघड होतं. रंग मृणालीकडे होते, ब्रश पुना नानांनी दिले होते, जवसाचं तेल घाण्यावरून आणलं होतं. पण तिच्या गावात, अख्ख्या दोंडाईचात बसायला कुणी तयार नव्हतं. गल्लीतल्या रुपचंद आबांना तिने विचारलं तर ते पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवून म्हणाले, "का गं, मला घालवायची घाई झाली का तुला?" आई म्हणाली, अशुभ बोलू नकोस. पप्पा म्हणाले, दहावी आहे.

त्यांचंही चूक नव्हतं. दोंडाईचात तेलरंगातलं चित्र म्हणजे पुना नानांचं चित्र, आणि नाना फक्त मेलेल्यांची चित्रं काढत. स्टेशन रोडवर त्यांचं दुकान. लोक तेराव्याच्या आत धावत यायचे, हातात आधार कार्ड. नाना त्या टिकलीएवढ्या फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तसेच मोठे चौकोन कॅनव्हासवर, आणि मग आठ दिवस एकेक चौकोन भरत बसायचे. आधार कार्डावरून नाक यायचं, लग्नाच्या अल्बममधून डोळे. टोपी नानांकडची असायची. तोंडही नानांकडचंच. दोन वर्षं रविवारी त्यांच्याकडे ब्रश धुता धुता मृणालीच्या हे लक्षात आलं होतं, की नानांना एकच तोंड येतं. मिटलेलं, शांत, कडेला किंचित वर वळलेलं. गावातल्या निम्म्या भिंतींवर तेच तोंड हार घालून बसलं होतं.

"दोन तासांत चेहरा होत नसतो," नाना म्हणाले होते. "मला आठ दिवस लागतात."

"मेलेल्यांना घाई नसते, नाना."

"आणि जिवंत माणूस हलतं."

"हलू दे ना."

ती मोबाइलवर बघून बघून शिकली होती. समोरच्या माणसाकडे डोळे किलकिले करून बघायचं. मग पापण्या, सुरकुत्या, तीळ सगळं विरून जातं आणि दोनच गोष्टी उरतात, सावली आणि उजेड. आधी त्या दोघांच्या जागा धरायच्या. नानांनी तिला असं बघताना पकडलं की विचारायचे, "काय गं, चष्मा लागला का?"

आताही तिने डोळे किलकिले केले. मंदाबाई विरघळल्या. डाव्या गालाचा एक मोठा उजेड राहिला, उजव्या बाजूची एक मोठी सावली, आणि सावलीत कुठेतरी कान. घरूनच तिने कॅनव्हासला पातळ तपकिरी हात मारून आणला होता. त्यावर रुंद ब्रशने सावली पातळ लावली, इतकी पातळ की खालचा तपकिरी श्वास घेत राहिला. उजेडाला मात्र कंजुषी नाही. पिवळ्या ओकरमध्ये पांढरा, चिमूटभर लाल, आणि गालावर जाड थर. तीन पावलं मागे. बघितलं. परत पुढे. नाक आता नाकाच्या जागी होतं.

"या तेलना वास," मंदाबाई म्हणाल्या, "जवसनी चटणी याद येस. भूक लागनी माले."

"एक तासच राहिलाय, मावशी."

"तुन्हा शाळामा मी चारशे पोरेस्नी खिचडी रांधस, तवय माले एक तास बी बसाले भेटत नही. आज बसेल शे. बसू दे. पन बोलू दे."

शाळेच्या त्या खिचडीच्या शेडमध्येच मृणालीने त्यांना विचारलं होतं. मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत मंदाबाईंनी ऐकून घेतलं, आणि विचारलं एवढंच, "त्या पुनाभाऊसारखं मनं तोंड टाके घालीसन शिवी टाकशी का?"

मृणालीला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा झुलाल मिरचीच्या मार्केटमध्ये लिलाव पुकारायचा. लाल मिरचीच्या ढिगावर उभा राहिला की अर्ध्या दोंडाईचाला ऐकू जायचं. घरी आला तरी तोंड चालूच; जेवताना बोलायचा, झोपेत बोलायचा, मंदाबाईंशी भांडताना तर रस्त्यावरची माणसं थांबायची. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि नानांनी त्याचं चित्र काढलं. मिटलेलं तोंड, शांत, कडेला किंचित वर.

"सहा वर्स व्हई गयात," मंदाबाई म्हणाल्या होत्या, "मना घरमा कोनी परका मानूस भितवर टांगेल शे. मी त्याले हार घालस." उलथनं पातेल्यावर आपटून त्या पुढे म्हणाल्या, "मी येसू धुळे. मी काय मरेल शे का? लोके म्हनतस ते म्हनू दे."

म्हणून त्या इथे होत्या, आणि म्हणून मृणालीने तोंडाची जागा अजून कोरी ठेवली होती. बक्षिसासाठी नव्हे. हे तोंड चुकलं तर मंदाबाईंच्या घरात दुसरं परकं माणूस जाणार होतं.

परीक्षक मागून आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"गाल चांगला आलाय," ते म्हणाले. "पण तोंड कुठंय?"

"शेवटी काढणार आहे, सर."

"त्यांना सांग बोलणं बंद करायला. सगळ्यांची मॉडेल शांत बसलीत बघ."

मंदाबाईंनी मृणालीकडे बघितलं. पहिल्यांदाच गप्प. ओठ मिटले आणि चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. गाल तोच, नाक तेच, पण खुर्चीत कुणीतरी दुसरीच बाई येऊन बसली.

"नको, सर," मृणाली म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "त्या बोलतील."

"व्यक्तिचित्रात चेहरा स्थिर लागतो."

"असं पत्रकात लिहिलंय का?"

"पत्रकात नाही. पद्धत आहे ती."

"ती मेलेल्यांची पद्धत आहे, सर. या जिवंत आहेत."

सभागृहातले बाराच्या बारा ब्रश थांबले. मृणालीचे कान तापले. पण जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतकं बरं वाटलं की ती हसलीच. परीक्षकांनी खिशातलं एक पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या इझलकडे गेले.

"काय लिखं त्यानी?" मंदाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही. तुम्ही बोला ना, मावशी. झुलालकाकांबद्दल बोला."

मग मंदाबाई सुरू झाल्या. झुलाल एकदा स्वतःच्या लग्नात कसा पुकारा करत सुटला आणि भटजीला कसं गप्प बसावं लागलं, ते. मृणाली ऐकतही होती आणि ऐकत नव्हतीही. ती तोंड बघत होती. हलणाऱ्या तोंडाच्या मागे धावायचं नसतं. ते कुठे कुठे जातं ते बघायचं आणि परत कुठे येतं ते धरायचं. मंदाबाईंचं तोंड प्रत्येक वाक्यानंतर एकाच जागी परत यायचं: डावा कोपरा आधी वर, खालचा ओठ थोडा पुढे, मध्ये अंधाराची एक फट, पुढचं वाक्य तयार.

वीस मिनिटं राहिली होती.

आतल्या अंधाराला तिने काळा वापरला नाही. तपकिरीत थोडा लाल. दातांना पांढरा वापरला नाही; राखाडी, आणि तोही एकाच फटकाऱ्यात. दात एकेक मोजून काढले की माणूस हसत नाही, चावतो. खालच्या ओठावर जाड गुलाबी ठिपका ठेवला आणि हात मागे घेतला. त्याला परत हात लावायचा नाही. हे तिने स्वतःलाच तीनदा बजावलं.

घंटा झाली. मंदाबाई उठून इझलच्या या बाजूला आल्या. पदराने घाम पुसला. कॅनव्हासकडे बघितलं आणि मान कलती करून कान पुढे नेला.

"मावशी?"

"थांब," त्या म्हणाल्या. "ती काय म्हनी ऱ्हायनी ते ऐकू दे."

बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस भांग पाडलेल्या भावाच्या चित्राला गेलं. मृणालीच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं होतं: रंग धीट. चेहऱ्याला शिस्त नाही. तिने ते वाचलं, दुसरं वाक्य दोनदा वाचलं, आणि सहभागाच्या प्रमाणपत्राची घडी घालून टर्पेंटाइनच्या गळक्या बाटलीखाली पिशवीत ठेवून दिली.

परतीच्या एसटीत ओला कॅनव्हास मंदाबाईंनी मांडीवर उभा धरला होता. कंडक्टर तिकीट फाडायला आला, चित्राकडे बघून थबकला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोण वारलं, मावशी?"

"मीच," मंदाबाई म्हणाल्या. "अर्धं तिकीट दे."

मागच्या सीटवरची बाई हसून हसून खोकली. कंडक्टरने चित्र बघितलं, मंदाबाई बघितल्या, परत चित्र बघितलं आणि तिकीट उलटं फाडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मृणालीने चित्र नानांच्या दुकानात नेलं आणि खिडकीशी, उजेडात टेकवून ठेवलं. नाना चष्मा पुसून आले. जवळ गेले. मागे झाले. नाक बघितलं, गाल बघितला. मग तोंडाशी थांबले.

"तोंड उघडं का ठेवलंस?"

"मिटतच नव्हतं, नाना."

नाना हसतील असं तिला वाटलं, पण ते हसले नाहीत. भिंतीवर वाळत ठेवलेली तीन चित्रं होती. दोन म्हातारे, एक म्हातारी. नानांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि चष्मा परत पुसायला घेतला, जरी तो स्वच्छच होता.

तेवढ्यात मंदाबाई आल्या. बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. त्यांनी चादर सोडली. झुलालची तसबीर. काच काढून टाकलेली, चंदनाचा हार काढून टाकलेला. हाराच्या जागी धुळीची कड राहिली होती.

"पुनाभाऊ, याले बोलतं करा."

नानांनी तसबिरीवरची धूळ बोटाने पुसली.

"सहा वर्षं झाली, मंदाबाई. तेव्हा तुम्ही काही बोलल्या नाहीत."

"तवय तुम्हीन काही विचारं नही."

स्टेशनवरून एक गाडी गेली. दुकानातल्या बाटल्या थोड्या वाजल्या आणि थांबल्या. मृणालीने रुंद ब्रश उचलून पॅलेटच्या कडेला ठेवला, नानांच्या हाताला लागेल असा. तपकिरी पिळला. शेजारी थोडा लाल.

नानांनी तसबीर इझलवर चढवली. पेन्सिल उचलली, चौकोन आखायला पट्टी लावली. मग पट्टी बाजूला ठेवली.

"दात कसे होते त्याचे?" त्यांनी विचारलं. ते मंदाबाईंकडे बघत नव्हते.

"पुढला अर्धा तुटेल. डावी बाजूना."

"आणि पुकारताना? तोंड कसं व्हायचं?"

मंदाबाई क्षणभर लाजल्या. मग त्या स्टुलावरच्या रंगाच्या डब्या सरकवून स्टुलावर चढल्या, मिरचीच्या ढिगावर चढावं तशा. कमरेवर हात ठेवला. मान मागे टाकली. रस्त्यावरची सायकल थांबली, समोरच्या टपरीवरची माणसं वळली, आणि दुकानातल्या तिन्ही मेलेल्यांच्या समोर मंदाबाईंनी झुलालच्या आवाजात, झुलालच्या तोंडाने, आख्ख्या स्टेशन रोडला ऐकू जाईल असा पुकारा केला.

"एऽऽक वार!"

"थांबा," नाना म्हणाले. "तसंच. परत एकदा."

त्यांनी चष्मा काढून मृणालीच्या हातात दिला, ब्रश उचलला, मंदाबाईंकडे सरळ बघितलं आणि डोळे किलकिले केले.