लायनेल ॲशकॉम्बचा तीन नंबरचा टोप

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण माझी ओळख ऐकून लोकांना हसू येतंच. मी केसांचा टोप आहे. पण असातसा नव्हे. हॉलिवूडच्या पडद्यावर अकरा वर्षं ज्या केसांकडे बघून बायका उसासे टाकत होत्या, ते केस म्हणजे मी. लायनेल ॲशकॉम्ब या नायकाचा फोटो त्या काळच्या मुली उशीखाली ठेवून झोपत. त्या फोटोतलं निम्मं देखणेपण माझं होतं, हे मी कुणाचीही भीड न बाळगता सांगतो.

माझा जन्म १९३२ साली इलोना वाराडी या हंगेरियन बाईंच्या हातून झाला. स्टुडिओच्या मेकअप खात्यात, खिडकीच्या उजेडात बसून त्यांनी बारीक जाळीवर एकेक केस सुईने गाठवला. सहा आठवडे त्या मान मोडून बसल्या होत्या. मधूनच त्यांनी चार-दोन पांढरे केसही ओवले. शेजारची बाई म्हणाली, "अहो, नायकाला पांढरे केस?"

"सगळे काळे असले की लोक निरखून बघतात," इलोनाबाई म्हणाल्या. "दोन पांढरे दिसले की विश्वास ठेवतात."

माझे मालक मूळचे नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतावरचे, नाव एल्मर स्टट्झ. स्टुडिओने त्यांचं नाव बदललं, वाकडे दात सरळ केले, आणि सव्विसाव्या वर्षी टक्कल पडलं तेव्हा डोकंही स्टुडिओनेच झाकलं. त्यासाठी आम्ही तीन भाऊ होतो. एक नंबर आखूड, जणू आत्ताच न्हाव्याकडून आलेला. दोन नंबर पंधरा दिवस वाढल्यासारखा. आणि तीन नंबर मी, लांब, दाट, कपाळावर एक लाट सांडणारा. मालक महिनाभर आम्हाला क्रमाने घालत. मग चारचौघांत म्हणत, "केस फारच वाढले बुवा, कापायला हवेत." दुसऱ्या दिवशी एक नंबर डोक्यावर चढे. प्रसिद्धी खात्याचे प्रमुख गॅड्सबी तर नायकाने केस कापल्याची बातमी वर्तमानपत्रांनाही पुरवत.

किरकोळ कामं भावांकडे असत. प्रेमाचे प्रसंग मात्र माझ्याच वाट्याला येत. त्या प्रसंगांचा एक नियम होता. नायिकेने हात मानेवर ठेवायचा, फार तर कानामागे, कारण तिथले केस मालकांचे स्वतःचे होते. बोट त्याच्या वर सरकलं की दिग्दर्शक ओरडून कॅमेरा थांबवत. प्रेक्षकांना वाटे, काय हा नायकाचा संयम! खरं म्हणजे तो मला टाळूला चिकटवणाऱ्या डिंकाचा संयम होता.

पडद्याबाहेरची प्रेमंही गॅड्सबीच ठरवत. आज या नटीबरोबर जेवण, परवा त्या नटीबरोबर घोड्यांची शर्यत, आणि फोटोवाल्यांना वेळ आधीच कळवलेली. मालक मुकाट्याने जात, फोटोपुरतं हसत आणि घरी येऊन एकटेच अंडी तळून खात.

एकदा मात्र ते खरोखर प्रेमात पडले. कोरीन रॅव्हेल ही त्यांची नायिका. लग्न झालं, दोघं पाम स्प्रिंग्जला गेले. पहिल्या सकाळी मी धुऊन खिडकीत वाळत होतो आणि मालक आरशासमोर दाढी करत होते. कोरीनबाई आत आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मालकांकडे, आणि त्या हसत सुटल्या. हसता हसता खालीच बसल्या.

"अगंबाई! मी लग्न केलं ते या खिडकीतल्याशी! मग हा बाबा कोण?"

मग त्यांनी मैत्रिणीला फोन लावून तिलाही सांगितलं. आठ महिन्यांत घटस्फोट झाला. वर्तमानपत्रांत छापून आलं की दोघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी मनातून सुखावलो होतो. इतक्या सुंदर बाईचं प्रेम माझ्यावर होतं म्हणे! मालकांचा चेहरा मी बघितलाच नाही. त्यानंतर मात्र ते आमच्यापैकी एकाला डोक्यावर घेतल्याशिवाय झोपेनासे झाले.

मग आमच्या आयुष्यात हेस्टर क्विल आल्या. चित्रीकरणात कॅमेऱ्याशेजारी वही घेऊन एक बाई बसते. पेला कोणत्या हातात होता, कोटाचं कितवं बटण उघडं होतं, मेणबत्ती किती उरली होती, सगळं ती टिपून ठेवते. एकच प्रसंग दोन-तीन दिवस चित्रित होतो, पण पडद्यावर तो सलग दिसावा लागतो. हेस्टरबाई हे काम करत. जाड चष्मा, आयोवाच्या खेड्यातलं रोखठोक बोलणं, आणि नजर अशी की माशीसुद्धा सुटायची नाही.

"मिस्टर ॲशकॉम्ब, काल रडताना तुम्ही उजवा डोळा आधी पुसला होता."

"काल मला खरंच रडू आलं होतं, मिस क्विल."

"आज खोटं आलं तरी उजवाच आधी पुसा."

मालक पोट धरून हसले. पुढच्या दोन चित्रपटांत त्यांनी हट्ट धरून हेस्टरबाईंनाच बोलावून घेतलं. गॅड्सबींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "प्रेक्षकांना नटी हवी असते, वहीवाली नाही." मालकांनी त्यांना भीक घातली नाही. त्यांना भीती होती ती वेगळीच. एका सकाळी मला चिकटवून घेता घेता ते इलोनाबाईंना म्हणाले, "बाई, हेस्टरला लग्नाचं विचारायचंय. पण तीही हसली तर? ते हसणं मला दुसऱ्यांदा सोसणार नाही."

"टोप काढून विचार."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मग जन्मभर असाच कपाळ सांभाळत झोप, पोरा," इलोनाबाई म्हणाल्या आणि डिंकाची बाटली आपटून ठेवली.

शेवटी मालकांनी हेस्टरबाईंना रविवारी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी, शनिवारी, चित्रीकरणात एक नंबरचा टोप होता. नायकाने केस कापल्याची बातमीही त्याच सकाळी छापून आली होती. पण रविवारी आपण सर्वांत देखणे दिसावं म्हणून मालकांनी घाईघाईत मला उचललं. मला बोंब मारून सांगावंसं वाटलं, अहो, आज मी नको! पण टोपाला तोंड नसतं. आणि आरशात बघितल्यावर मीही विरघळलो. आम्ही फार छान दिसत होतो.

वाळूत चादर अंथरून दोघं बसले. बटाट्याची कोशिंबीर खाता खाता हेस्टरबाई थांबल्या आणि त्यांनी काटा खाली ठेवला.

"काल साडेपाचला शेवटचं दृश्य झालं तेव्हा तुमचे केस कानाच्या बोटभर वर होते. आज कानावर आलेत."

मालकांचा हात झटकन कपाळाकडे गेला. "माझे... माझे जरा जोरात वाढतात."

"मी आयोवाची आहे. आमच्याकडे मकासुद्धा इतक्या जोरात वाढत नाही."

मालक पांढरेफटक पडले. माझ्या जाळीखाली त्यांना दरदरून घाम फुटला. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. वहीत लिहावं लागतं ना. आज एक नंबर, आज दोन, आज तीन."

"आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बघणं माझं काम आहे. दुसऱ्याने झाकलेलं उघडं करणं नाही."

मालकांनी दोन्ही हातांनी मला कपाळावरून सोलून काढलं. डिंक ओला करून सोडवलेला नव्हता, त्यामुळे कातडं लालबुंद झालं. भर दुपारी, लोकांच्या देखत, चार पावलांवर एक कुटुंब आइस्क्रीम खात असताना! मी त्यांच्या मुठीत चुरगळून पडलो होतो.

"मी एल्मर स्टट्झ," ते म्हणाले. "याच्याशी लग्न कराल?" आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

हेस्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या डोक्यावरची गवती टोपी काढली आणि मालकांच्या डोक्यावर नीट बसवली.

"आधी ही घाला. टाळू भाजून निघेल. उद्या आठ वाजता जवळून दृश्य घ्यायचंय." मग टोपीची कड सारखी करत म्हणाल्या, "आणि हो. करेन."

माझ्या हक्काच्या जागेवर गवताची टोपी! मत्सराने मी जळून गेलो, मित्रांनो. पण या वेळी मी मुठीतून मालकांचा चेहरा बघितला. ते रडत होते, आणि त्यांनी उजवा की डावा, कुठलाच डोळा पुसला नाही.

गॅड्सबी चार दिवस थयथयाट करून गप्प बसले. लग्नाच्या फोटोत मी झळकलो, आणि माझा तो फोटो फार सुरेख आला आहे. पुढे काही वर्षांनी मालक न्यायाधीशांच्या आणि आजोबांच्या भूमिका करू लागले, त्याही उघड्या डोक्याने. 'ॲशकॉम्ब आता खरा नट झाला,' असं लोकांनी लिहिलं. मला फार लागलं ते. माझे भाऊ कसरीने खाल्ले. मी खोक्यात पडून राहिलो. आज मालक नाहीत. हेस्टरबाई थकल्या आहेत, तरी दर वसंतात मला बाहेर काढतात, कोमट पाण्याने धुतात आणि टोकांपासून वर हळूहळू विंचरतात.

मित्रांनो, जगापुढे जे तुमची लाज राखतं त्याची अशीच निगा राखा. पण निदान एका माणसासमोर तरी ते काढून ठेवा. पडद्यावर सतरा नायिकांनी मालकांना कवटाळलं, आणि प्रत्येक वेळी मी वर दिमाखात बसलेलो होतो. घरी मात्र हेस्टरबाई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने डिंक सोडवत, मला टेबलावरच्या लाकडी डोक्यावर टाचून ठेवत आणि मग वाकून मालकांच्या टकलावर ओठ टेकवत. त्यात माझा काडीइतकाही वाटा नव्हता. तरी मला सर्वांत जास्त अभिमान आहे तो मी टेबलावरून बघितलेल्या त्या मुक्याचा.