रादोयकाच्या शीतगृहातला पाथ

मी पाथ बोलतोय. नाव ऐकलं नसेल, म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात मी असतो. माझ्यात असतं काय? पत्त्यांची एक लांबलचक ओळ, मध्ये मध्ये अपूर्णविराम. तुम्ही पडद्यावरच्या खिडकीत एखादी आज्ञा लिहिली की तिचं हत्यार, म्हणजे ते काम करणारा प्रोग्राम, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय ते मी सांगतो. मी नसलो तर हत्यारं जागच्या जागी असतात, पण कुणाला सापडत नाहीत.

माझा जन्म अरिल्ये शहराच्या वरच्या अंगाला, एका डोंगरी गावातल्या शीतगृहात झाला. इकडे उतारावर जिकडेतिकडे रास्पबेरी. जुलैत सगळं गाव कंबर मोडेस्तोवर फळ तोडतं आणि क्रेट रादोयकाच्या दारात आणून लावतं. शीतगृह तिचं, फळ गावाचं.

मला वाढवलं मिलोयेने. रादोयकाच्या लग्नात तोच साक्षीला उभा होता, तिच्या लेकीला बाप्तिस्म्याला त्यानेच हातांवर धरलं. म्हणजे तो तिचा कूम, ती त्याची कूमा. इकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कुमाला मात्र नाही म्हणायचं नाही. मिलोये मूळचा वायरमन. संगणकात नवं हत्यार घातलं की तो त्याचा पत्ता माझ्या शेपटीला जोडायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "बघ कूमा, कसा वाढतोय!"

माणूस लाखमोलाचा, पण एक खोड वाईट. नवं आलं की जुनं उकिरड्यावर. कॉम्प्रेसर हाताने चालू करायची जुनी कळ त्यानेच उपटून फेकली होती. "संगणक आहे ना आता!"

त्या दुपारी तो नवा जावा, म्हणजे प्रोग्राम चालवणारं एक हत्यार, घालायला आला. शीतगृहाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती त्याच्यावर चालणार होती. त्यासाठी त्याने जुना प्रोग्राम थांबवला, आणि त्याबरोबर कॉम्प्रेसरही थांबला. "पाच मिनिटांचं काम आहे. तू कॉफी चढव," म्हणाला.

प्रत्येक नवी खिडकी उघडताना एक फाइल वाचते. मिलोयेने इतकी वर्षं जोडलेले पत्ते त्या फाइलीत होते. ते त्याने "अडगळ नुसती" असं पुटपुटत पुसले आणि माझ्या नावापुढे नव्या जावाचा पत्ता लिहिला. फक्त तेवढाच. मग ती खिडकी मिटून त्याने नवी उघडली आणि प्रोग्राम चालू करायची आज्ञा लिहिली.

उत्तर आलं: आज्ञा सापडली नाही.

फोल्डरात काय आहे ते दाखवणारी अगदी साधी आज्ञा दिली. तीही सापडली नाही. फाइल उघडणारीही नाही. मिलोयेची मान लाल झाली. भिंतीवरचा आकडा उणे वीसवरून उणे अठरावर आला होता.

"काय झालं, कूम?" रादोयकाने दारातून विचारलं.

"काही नाही. तू कॉफी बघ."

"कॉफी केव्हाच उतू गेली. तो आकडा बघ. फळ एकदा मऊ होऊन चिकटलं की त्याचं ढेकूळ होतं. गावाला काय तोंड दाखवू मी? गावातल्या त्या विदोसावाने तर पाठ धरली तरी तोड सोडली नाही."

"दिसतंय मला! आंधळा नाही मी!"

हे सगळं मी ऐकत होतो, दुसऱ्या एका खिडकीतून. सकाळी आज्ञा लिहून हवामान बघायला रादोयकाने ती उघडली होती आणि तशीच मागे ठेवून दिली होती. फाइल बदलली तरी आधीच उघडलेल्या खिडकीतला पाथ बदलत नाही. म्हणजे सगळे पत्ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. जन्माचा भोग आहे हा माझा.

"बंद करून चालू करतो," मिलोये म्हणाला आणि त्याने बटणाकडे हात नेला.

मी गारठलो. संगणक पुन्हा उठला असता, पण प्रत्येक खिडकी तीच उपाशी ओळ वाचत उघडली असती, आणि तेव्हा मी नसतो.

"थांब," रादोयका म्हणाली.

"कूमा, मला कळतं यातलं."

"कळत असेल. हात काढ."

मिलोयेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला दाराबाहेर काढलं होतं. पण ती हटली नाही. "सकाळी माझी हवामानाची खिडकी नीट चालत होती. आधी तिला विचारू. मग फोड ते डबडं."

"सगळं एकच असतं गं!"

"मग विचारायला तुझं काय जातं?"

तिने माझी खिडकी पुढे आणली आणि एका बोटाने तीच साधी आज्ञा लिहिली. मी पत्ता सांगितला. फोल्डरांची यादी पडद्यावर भराभर उतरली.

मिलोयेने खुर्ची पुढे ओढली. "जिवंत आहे," एवढंच म्हणाला. मग त्याने माझ्या खिडकीत जुना प्रोग्राम चालू करायची आज्ञा दिली. जुना जावा अजून जागेवर होता, मी बोट दाखवलं. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर खोकला, थांबला, पुन्हा खोकला आणि घुमायला लागला. आकडा उणे सोळावर अडला आणि हळूहळू खाली सरकू लागला. विदोसावाचं फळ वाचलं. मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग मिलोयेने मला माझे सगळे पत्ते विचारले. मी घडाघडा म्हणून दाखवले. ते त्याने फाइलीत परत लिहिले आणि नव्या जावाचा पत्ता या वेळी त्यांच्या आधी जोडला.

दुसरी कॉफी झाली. मिलोये कपात बघत म्हणाला, "पुढच्या वेळी अरिल्येतल्या त्या शिकलेल्या पोरीला बोलाव, कूमा. मला टाक काढून."

"तिला बोलावणारच आहे. तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसवणार आहे. काढून टाकायला तू काय ती जुनी कळ आहेस?"

मिलोये हसला, आणि हसता हसता त्याने उघड उघड डोळे पुसले.

आता सगळ्या नव्या खिडक्यांना माझे पत्ते ठाऊक आहेत. या जुन्या खिडकीचं काम संपलं. बाबांनो, नवा पत्ता खुशाल जोडा, पण मागचे पुसू नका, एवढंच माझं मागणं.

मिलोयेचं बोट माझ्या खिडकीच्या फुलीवर आलं, आणि तिथेच थांबलं.

"कूमा," तो म्हणाला, "ही बंद करू का?"

जुनं काही काढताना त्याने कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कर," ती म्हणाली.

येतो मी.